लाजऱ्या इंजिनाचा फेरजबाब

आमच्या तरीच्या, म्हणजे माणसं खाडीपार नेणाऱ्या होडीच्या इंजिनाला तासाला किती डिझेल लागतं हे दरवर्षी इंजिनालाच विचारतात, आणि आमचं इंजिन लाजरं असल्यामुळे ते कमी सांगतं.

विचारण्याची पद्धत सगळीकडे असते तशीच आहे. पावसाळा संपून होड्या पाण्यात उतरल्या की तालुक्याहून जबाब घेणारे अधिकारी येतात. त्यांच्यासाठी धक्क्यावर खुर्ची ठेवतात, पण ते खुर्चीत बसून विचारत नाहीत. होडीत उतरतात, इंजिनावरची फळी उचलतात, नमस्कार करतात आणि म्हणतात, "आपल्याला तासाला किती लागतं?" इंजिन सांगेल तो आकडा लिहिला जातो आणि वर्षभर त्या हिशोबाने डिझेल मिळतं. आबा धुरींच्या मासेमारीच्या होडीचं इंजिन आकडा सांगून झाल्यावर "लिहिलंत का? वाचून दाखवा," असं म्हणतं. आमचं म्हणतं, "दोन लिटर पुरे. नसलं तरी चालेल."

कारखान्याच्या पुस्तकात हा आकडा छापलेला असतो हे खरं आहे. पण पुस्तक कारखान्याने लिहिलेलं असतं, इंजिनाने नाही, म्हणून ते धरत नाहीत. टाकीत काठी घालून किती उरलं ते बघता येईल असं शाळेत एका मुलाने सुचवलं होतं. सरांनी त्याला बसवलं आणि विचारलं, तू जेवत असताना कुणी तुझ्या ताटात काठी घातली तर चालेल का. तो नाही म्हणाला.

आमची खाजणवाडी खाडीच्या एका बाजूला आहे. शाळा, दवाखाना, बाजार आणि बसचा थांबा पलीकडे. मधली तरीची होडी माझे बाबा चालवतात. त्यांचं नाव रघुवीर कुबल. होडी आणि डिझेल ग्रामपंचायतीचं, सुकाणू बाबांचं. इंजिन उत्तरेकडच्या कुठल्याशा खाडीतून जुनं म्हणून विकत आणलेलं आहे. त्यामुळे ते आमच्यासारखं मालवणी बोलत नाही, पुस्तकात असतं तसं बोलतं, आणि सगळ्यांना अहो-जाहो करतं.

त्याला दोन लिटरमध्ये भागत नाही हे बाबांना पहिल्याच दिवशी कळलं. त्यांनी त्याला काही विचारलं नाही. फळी उचलली, पुरेसं वाटेपर्यंत ओतलं आणि फळी लावली. पुढे रोज तसंच. पंचायतीच्या पिंपातलं डिझेल कागदावरच्या आकड्यापेक्षा लवकर संपायला लागलं, आणि एक दिवस हे आबा धुरींच्या लक्षात आलं.

आबा धुरी पंचायतीचे सदस्य आहेत. ते वाईट नाहीत, पण एखादी गोष्ट धरली की सोडत नाहीत. ग्रामसभेत ते उभे राहिले आणि म्हणाले, "रघू, तुझ्या इंजिनाक तासाक दोन लिटर लागता. तसो जबाब आसा. पिंपातसून जाता पाच. बाकीचा काय खाडीतले मासे पितत?"

लोक हसले. बाबा उभे राहिले.

"आणि घरात नवो कुकर इलो म्हणे," आबा म्हणाले.

तो कुकर आईने भिशीच्या पैशांतून आणला होता. बाबा एवढंच म्हणाले, "माका काय बोलूचा नाय," आणि खाली बसले.

आबांनी ठराव मांडला की तपासासाठी बाबांनी आठवडाभर जबाबाप्रमाणेच डिझेल घालावं. तसं केलं. दुसऱ्याच दिवशी होडी खाडीच्या मध्यावर बंद पडली. इंजिन सगळ्या उतारूंना म्हणालं, "माफ करा, माझं जरा लक्ष नव्हतं." भूक लागली आहे असं ते म्हणालं नाही. मग बाबांनी आणि दोघा माणसांनी वल्ही मारून होडी काठाला आणली. आबांचं म्हणणं पडलं की इंजिन स्वतः चूक कबूल करतं आहे, त्यात डिझेलचा काही संबंध नाही, आणि असलाच तर ते रघूने मुद्दाम बंद पाडलं असणार.

त्यानंतर लोकांनी बाबांना चोर म्हटलं असं मी सांगणार नाही. तसं कुणी म्हटलं नाही. पण मासे विकणारी सुगंधाकाकी बसल्या बसल्या आपला बटवा इंजिनाच्या फळीवर ठेवायची, तो आता मांडीवर ठेवायला लागली. पूर्वी उतारू बाबांशी भरती-ओहोटीचं बोलायचे, ते आता एकमेकांशी बोलायला लागले. बाबा "सांभाळून उतरा" म्हणायचे तेव्हा लोक सांभाळूनच उतरायचे, पण बाबांनी पुढे केलेला हात धरायचे नाहीत. पंचायतीने ठरवलं की फेरजबाब घ्यायचा. त्यातही इंजिन दोनच म्हणालं, तर होडी बाबांकडून काढून घ्यायची आणि डिझेल चोरल्याची नोंद करायची.

आईने त्या संध्याकाळी सरळ विचार केला. "मी जातंय आणि तेका सांगतंय," ती म्हणाली. "बाबा रे, तुझ्यापायी आमच्या माणसाचा नाव जाता. खरा काय ता बोल."

"नाय," बाबा म्हणाले. ते सहसा नाही म्हणत नाहीत. "तेका कोणी कायएक सांगूचा नाय. जेवणाऱ्याक जेवणावरसून बोलतत काय?"

"आणि तुमका लोक बोलतत ता?"

"माका बोलांदे. मी घरचो आसंय. ता बाहेरसून इलला."

मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "अक्षता, तूव सांगूचा नाय. काय झाला ता तेका कळता नये." मी मान हलवली. मी तशीही फारसं कुणाला काही सांगत नाही.

फेरजबाबासाठी घोलप नावाचे अधिकारी आले. ते घाटावरचे होते आणि होडीत पाय ठेवताना दोन्ही हात पसरत होते. धक्क्यावर बराच गाव जमला होता. आबा धुरी सगळ्यांत पुढे होते. घोलप साहेबांनी फळी उचलली, नमस्कार केला आणि विचारलं, "आपल्याला तासाला किती लागतं?"

इंजिनाने धक्क्यावरच्या माणसांकडे बघितलं. इंजिन बघतं तेव्हा त्याच्या पट्ट्याला जरासा झटका बसतो. मग ते अगदी हळू म्हणालं, "एक."

"एक लिटर?"

"तेही सावकाश द्या. गडबड नाही."

आबांनी बाबांकडे बघितलं. बाबा सुकाणूच्या दांड्यावरचा रंग नखाने खरवडत होते. घोलप साहेबांनी आकडा लिहिला, पण खाली सही केली नाही. ते म्हणाले, "वीस घोड्यांचं इंजिन आहे. एक लिटरमध्ये खाडी ओलांडायचं राहू द्या, धक्क्यापासून सुटणार नाही. काहीतरी गडबड आहे. जेवून विचार करू."

आमच्या गावात अधिकारी आले की त्यांचं जेवण तरवाल्याकडे असतं, मग तरवाल्याचीच चौकशी का असेना. आईने सुरमई तळली होती आणि सोलकढी केली होती. साहेब मनापासून जेवत होते. आईने दुसरा तुकडा आणला तेव्हा ते म्हणाले, "नको, नको. झालं."

"झाला कसा? एवढ्या उन्हातून इलास."

"खरंच नको, वहिनी." त्यांनी ताटावर दोन्ही हात धरले. आईने बोटांच्या फटीतून तुकडा ताटात सरकवला. त्यांनी तो खाल्ला. तिसऱ्या वेळी त्यांनी हात धरले ते जरा सैल धरले होते. मी दाराजवळ पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते, म्हणून मला दिसलं.

तिसरा तुकडा संपवून ते बोटं चाटता चाटता थांबले. "वहिनी," ते म्हणाले, "इंजिनाला तुम्ही कधी वाढलंय का?"

"मी कशाक? हेच घालतत."

"पण तुम्ही वाढून बघायला हरकत नाही. नियमात 'विचारावे' असं आहे. एकदाच विचारावे असं नाही."

त्यामुळे सगळे पुन्हा धक्क्यावर गेलो. आईने पदर खोचला, कॅन उचलला आणि इंजिनासमोर बसली. "घे रे बाबा," ती म्हणाली.

"नको. पोट भरलंय."

"कसला भरलाहा? सकाळपासून दोन खेपो झाल्यो. घे वाइच."

"थोडंच द्या मग."

"ह्या थोडाच आसा," असं म्हणत आईने अर्धा कॅन ओतला. इंजिन नको म्हणत होतं आणि घेत होतं. "माझ्या हातचा नाय घेणस? मी काय परकी आसंय?" आई म्हणाली, आणि उरलेलाही ओतला. मग दुसरा कॅन मागवला. घोलप साहेब घड्याळ लावून लिहीत होते. बाबा पुढे होऊन म्हणाले, "पुरे गो," पण आईला एकदा वाढायला लागल्यावर थांबता येत नाही. इंजिन प्रत्येक वेळी "तुमचा मान राखायचा म्हणून" असं म्हणत होतं. सरतेशेवटी त्याने काळा धूर सोडला, दोनदा उचकी दिली आणि गप्प झालं.

आकडा तासाला अकरा लिटर निघाला.

"ह्या तर मोठ्या बोटीचा झाला," आबा म्हणाले. "अकरा लिटर पंचायत खंयसून देतली? मगे होडीच बंद करूक होयी. पोरांका पोहत शाळेत धाडा." यावर कुणी हसलं नाही, कारण ते विनोद करत नव्हते.

आई कॅन घेऊन बाजूला उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता. ती मला हळूच म्हणाली, "मी वाढलंय जास्त काय गो?" मी नाही म्हणाले. वाढताना ती नेहमी तेवढंच वाढते.

घोलप साहेबांनी कागदावर दोन आकडे एकाखाली एक लिहिले होते. एकापुढे 'संकोचाने' आणि दुसऱ्यापुढे 'आग्रहाने'. आबा म्हणाले की दोन्हींची बेरीज करून अर्धी करा आणि मोकळे व्हा. साहेबांनी मान हलवली. "तुमच्या घरात दोन माणसं असली, एक उपाशी आणि एकाला अजीर्ण झालेलं, तर दोघंही सरासरी बरी आहेत असं म्हणाल का?" आबांनी विचार केला आणि तसं म्हणणार नाही असं सांगितलं.

"तिसरी पद्धत आहे," साहेब म्हणाले. "फार कमी वापरतात. तिला सहवास म्हणतात. कुणीतरी एका नेहमीच्या खेपेला इंजिनाजवळ बसायचं. त्याच्याकडे बघायचं नाही. काही विचारायचं नाही. वाढायचं नाही. ते आपणहून काही बोललं तर तो जबाब. नाही बोललं तर पहिला आकडा कायम."

"कायम म्हणजे एक लिटर?" बाबांनी विचारलं. त्या दिवशीचा तो त्यांचा पहिलाच प्रश्न होता.

"एक लिटर. आणि मग पुढचं तुम्हाला माहीत आहे."

"हे बसतले?" आबांनी बाबांकडे हनुवटी केली.

"नाही. ज्याच्यावर आरोप आहे तो चालत नाही. आणि माणूस असा हवा की ज्याला विचारायची सवयच नाही. विचारायचं मनात आलं तरी इंजिनाला कळतं."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. आमच्या गावात कुणी रस्त्यातून चाललं तरी चार जण "खंय चललंस?" म्हणून विचारतात. सुगंधाकाकीने आपण बसतो म्हटलं, पण तेवढ्यात तिनेच साहेबांना मुलंबाळं किती असं विचारलं, त्यामुळे ती बाद झाली.

"आमचा चेडू आसा," आई म्हणाली. "वर्गात सर इचारतत तरी तोंड उघडणा नाय. ता कोणाक कायव इचारूचा नाय."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी धक्क्याच्या दगडांकडे बघितलं. घोलप साहेबांनी मला, "बसशील का?" असं विचारलं आणि मी उत्तर दिलं नाही, तेव्हा ते म्हणाले, "हीच चालेल."

खेप दुपारच्या ओहोटीची होती. माझं जेवण व्हायचं होतं, कारण साहेब जेवून उठल्यावर लगेच सगळे धक्क्यावर आलो होतो. आईने डब्यात एक भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी घालून दिली. मी इंजिनाकडे पाठ करून त्याच्या फळीला टेकून बसले. घोलप साहेब पार पुढच्या टोकाला, तेही पाठ करून. बाबा मागे सुकाणूवर. त्यांना या खेपेत बोलायला मनाई होती. उतारू नेहमीचेच होते आणि आबा धुरीही होडीत होते, कारण तक्रार त्यांची होती.

होडी सुटली. इंजिन काही बोललं नाही. मीही बोलले नाही. मला ते अवघड गेलं नाही. मी डबा उघडून भाकरी खायला लागले. समोरून ओहोटीचं पाणी जोरात येत होतं आणि होडी हळूहळू पुढे सरकत होती.

"तुमचं जेवण राहिलं होतं वाटतं," इंजिन म्हणालं.

"हो."

"पाहुणे होते म्हणून?"

"हो."

"जवळा आहे का? वास चांगला येतोय."

मी हो म्हणाले. माझी भाकरी संपली. मी डब्याच्या कडेची चटणी बोटाने पुसून घेतली आणि डबा मिटला.

"पोट भरलं?" इंजिनाने विचारलं.

मी नेहमी हो म्हणते. पण माझी पाठ होती, आणि त्याने उत्तर हवंच आहे अशा आवाजात विचारलं नव्हतं. "नाही," मी म्हणाले. "अजून एक चालली असती."

"मग मागायची ना. आईंनी दिली असती."

"दिली असती."

"मग?"

"घाई होती. आणि सगळे उभे होते."

"हो," इंजिन म्हणालं. "सगळे उभे असले की नाही जमत."

थोड्या वेळाने त्याने सांगायला सुरुवात केली. आधी ज्या खाडीत त्याचं काम होतं तिथे मालक रोज उतारूंसमोर फळी उचलायचा आणि म्हणायचा, बघा, पुन्हा सगळं रिकामं केलंय. उतारू वाकून बघायचे आणि हसायचे. एक म्हातारे गृहस्थ त्याला रोज नमस्कार करून, "काय, झालं का पोटभर?" असं म्हणायचे. "मालक वाईट नव्हता," इंजिन म्हणालं. "त्याला लोकांशी बोलायला काहीतरी विषय लागायचा. विकतानाही त्याने सगळ्यांत आधी तेच सांगितलं. तेव्हा ठरवलं, नव्या जागी कमीच सांगायचं. इथे आल्यावर तुमच्या वडिलांनी काहीच विचारलं नाही. नुसतं ओतलं आणि फळी लावली. वाटलं, ह्या गावची तशी पद्धत असेल."

मी मिटलेला डबा मांडीवर घेतला.

"एक विचारू का?" ते म्हणालं. "पूर्वी लोक त्यांच्याशी बोलायचे. पाण्याचं, वाऱ्याचं. आता कुणी बोलत नाही. काय झालंय?"

"ते मला सांगता येत नाही."

"माहीत नाही म्हणून?"

"बाबांनी सांगू नको म्हटलंय."

"का?"

मी जरा विचार केला. काय झालं ते सांगायचं नाही असं बाबा म्हणाले होते. का सांगायचं नाही ते सांगू नको, असं म्हणाले नव्हते. "जेवणाऱ्याला जेवणावरून बोलू नये म्हणून," मी म्हणाले.

इंजिन गप्प झालं. त्याचा आवाज चालूच होता, पण एखादा माणूस चालता चालता विचार करायला लागला की त्याची पावलं जशी पडतात, तसा तो येत होता. आधी होडी बंद पडली होती ती जागा मागे गेली. फळीतून माझ्या पाठीला त्याची थरथर लागत होती. मी मागे बघितलं नाही.

"साडेचार," ते अगदी हळू म्हणालं. "साधारण दिवशी साडेचार लागतं. ओहोटी समोरून असली, आणि होडी आजच्यासारखी भरलेली असली की पाच. बुडाला शिंपले धरले की सहाही होतं, पण ते खरवडले की पुन्हा खाली येतं."

"बरं," मी म्हणाले.

"हे तुम्ही त्या साहेबांना सांगाल?"

"सांगेन."

"तुम्हाला मोठ्याने बोलायला त्रास होतो ना?"

"होतो. पण सांगेन."

"नको," इंजिन म्हणालं. "माझं मीच सांगेन."

पलीकडच्या काठाला उतारू उतरले, दुसरे चढले, आणि आम्ही परत निघालो. परतीच्या वाटेवर इंजिन एक शब्द बोललं नाही. घोलप साहेबांनी एकदाही मान वळवली नाही, पण त्यांचे कान लाल झाले होते. आमच्या धक्क्यावर आता दुपारपेक्षा जास्त माणसं होती, कारण बाजारची माणसं परतायची वेळ होती आणि आबांच्या घरचीही आली होती. आई कॅन हातात धरूनच उभी होती. तिने तो खाली ठेवला नव्हता.

होडी लागली. बाबांनी इंजिन बंद करायला हात पुढे केला.

"जरा थांबा," इंजिन म्हणालं. मग ते मोठ्याने म्हणालं, "साहेब, जबाब लिहून घ्या."

घोलप साहेब वळले आणि घाईने पुढे आले. येताना हात पसरायला विसरल्यामुळे ते पडता पडता वाचले.

"मला तासाला साडेचार लागतं," इंजिन म्हणालं. "ओहोटीला पाच. शिंपले धरले तर सहा. रघुवीर कुबल जेवढं देतात ते सगळं माझ्याच पोटात जातं. त्यातलं काही उरत नाही. त्या दिवशी मध्यावर होडी थांबली ती माझं लक्ष नव्हतं म्हणून नाही. टाकीत काही नव्हतं म्हणून."

इंजिनाचा पट्टा सारखे झटके देत होता.

आबा धुरी वाकून फळीजवळ आले. "मगे आधी दोन कित्याक सांगलंस?"

"लोक होते."

आबांनी धक्क्यावर नजर फिरवली. "लोक आतापण आसत. आता तर जास्तच आसत."

"हो," इंजिन म्हणालं. "दिसताहेत."

आबा तसेच वाकून राहिले. मग त्यांनी बोटांवर हिशोब केला. किती खेपा, त्यातल्या भरतीच्या किती, ओहोटीच्या किती. मधे एकदा चुकले आणि पहिल्यापासून मोजलं. त्यांना कुणी घाई केली नाही. शेवटी ते सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "पिंपाचा बरोबर येता."

घोलप साहेबांनी 'संकोचाने' आणि 'आग्रहाने' हे दोन्ही आकडे खोडले, खाली 'आपणहून' असं लिहिलं आणि सही केली. आबांनाही करायला लावली. सही करून आबा बाबांकडे गेले.

"रघू, कुकराचा मी बोललंय ता सोड."

"सोडलंय," बाबा म्हणाले.

उतारू उतरायला लागले. सुगंधाकाकीने जाताना बाबांचा हात धरला, आणि उतरून झाल्यावरही जरा वेळ धरून ठेवला. "आता ओहोटी कधीसर आसा रे?" तिने विचारलं. तिला ते माहीत असतं. बाबांनी सांगितलं.

निघण्याआधी साहेबांनी पद्धतीप्रमाणे इंजिनाला विचारलं की आणखी काही नोंदवायचं आहे का. इंजिन नाही म्हणालं. साहेब कागद घडी करून खिशात घालणार, एवढ्यात ते म्हणालं, "तसं एक आहे. विचारायला माझी हरकत नाही. फक्त विचारताना लोकांनी जरा दुसरीकडे बघितलं तर बरं होईल."

साहेबांनी कागद पुन्हा उघडून तेही लिहिलं. पाणी रोज वेगळं असतं म्हणून वर्षातून एकदा विचारण्यापेक्षा रोज विचारावं, असंही त्यांनी स्वतःच्या अधिकारात खाली जोडलं.

तेव्हापासून सकाळच्या पहिल्या खेपेला सगळे होडीत चढले की बाबा म्हणतात, "वळा." आम्ही सगळे किनाऱ्याकडे तोंड करून उभे राहतो. शाळेची मुलं, दवाखान्यात जाणारी म्हातारी माणसं, डोक्यावर टोपली घेतलेली सुगंधाकाकी. कुणी नवीन उतारू असला तर आबा धुरी त्याला खांद्याला धरून वळवतात आणि कारण सांगत नाहीत. मागे बाबा फळी उचलतात. त्यांचं काय बोलणं होतं ते आम्हाला ऐकू येत नाही. कधीकधी बराच वेळ लागतो, पण कुणी मागे बघत नाही. मग कॅनमधून ओतल्याचा आवाज येतो आणि थांबतो. आम्ही आणखी जरा तसेच उभे राहतो, कारण बहुतेक दिवशी तो पुन्हा थोडा येतो.